विंचरलेला उजेड

आकाश स्वच्छ निळं होतं आणि त्यात डमरू नव्हता. त्यानं गॅलरीच्या कठड्याला पोट टेकलं, उगवता सूर्य डाव्या खांद्याशी धरला, मान मागं टाकली आणि थेट डोक्यावरच्या निळ्या पट्टीत बघितलं. समोरची इमारत आणि आपली इमारत यांच्यामधून आकाशाची एवढीच पट्टी वाट्याला येते, पण त्याला तेवढी पुरते. त्यानं डोकं उजवीकडं कलंडवलं, मग डावीकडं. असं केलं की डमरू उठून दिसतो. नजर स्थिर ठेवली तर डोळाच त्याला गिळून टाकतो. फिकट पिवळा, मध्ये चिमटलेला, हात लांब करून धरलेल्या दोन बोटांएवढा. वर्षानुवर्षं रोज सकाळी तो तिथं असतो, कधी ठळक, कधी पुसट, आणि हवा अगदीच घाण असली तर नसतो. आज आकाश असं होतं की कुणीही वर बघून 'वा' म्हणावं. त्यानं डोळे मिटले, चोळले, उघडले. पुन्हा मान कलंडवली. आत बायको बुटांच्या नाड्या बांधत होती. "अहो, आहे का डमरू?" तिनं रोजच्यासारखंच विचारलं. "जाऊ ना?" आणि तो म्हणाला, "जा. छान आहे."

दार ओढल्याचा आवाज आला, तिची पावलं जिन्यानं खाली गेली, तरी तो तसाच मान वर करून उभा होता. 'नको' म्हणायला हवं होतं. घरातला नियम सरळ होता: डमरू असला तर जा, नसला तर नको. बायकोला दमा. शाळेत शिकवायची तेव्हा सगळ्यांनी खडूवर खापर फोडलं; शाळा सुटली, दमा काही सुटला नाही. डॉक्टर म्हणाले, रोज चालायला हवं, पण चांगल्या हवेत. आता हवा चांगली कोणती हे लोक फोनवर आकडे बघून ठरवतात, पण ती म्हणायची, मला काय गरज, माझ्या घरातच यंत्र आहे, दोन वेळा जेवायला घालते मी त्याला. हा विनोद ती आल्यागेल्याला हमखास ऐकवायची आणि तोही प्रत्येक वेळी नव्यानं ऐकल्यासारखा हसायचा. खरं सांगायचं तर त्याला त्या विनोदाचा अभिमान होता. आयुष्यभर नोकरीत जे काही केलं त्याचं घरात एवढंच चलन होतं. आणि आज तेच यंत्र 'छान आहे' म्हणालं होतं. का म्हणालं? 'नको' म्हटलं असतं तर ती गॅलरीत आली असती, वर बघितलं असतं, म्हणाली असती, "इतकं निळं असून?" मग त्याला दोनातलं एक सांगावं लागलं असतं. एक तर हवा बिघडलीय, नाहीतर डोळा. आणि डोळाच, असं त्याच्या मनानं त्या क्षणी, कुणाला न विचारता, ठरवूनही टाकलं होतं. तोंड त्यानंतर उघडलं.

कारण वडील. त्याचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवत. शिडीवर चढून, एका हातात डबा धरून ते असं अक्षर काढत की खाली उभं राहून बघणाऱ्याला वाटावं, हे आधीपासून भिंतीत होतं, यांनी नुसतं पुसून वर काढलं. मग एका वर्षी त्यांच्या नजरेच्या मधोमध डाग आला. कडेचं सगळं दिसायचं, मधलं नाही. "कुणीतरी अंगठा टेकवून ठेवलाय रे," ते म्हणायचे. "काढतच नाही मेला." समोर उभं राहिलेल्या माणसाचे त्यांना कान दिसत, चेहरा दिसत नसे. म्हणून ते त्याला सांगायचे, "समोर नको, बाजूला उभा राहा, म्हणजे दिसशील." आणि तो बाजूला उभा राही, आणि वडील भलतीकडं बघत त्याच्याशी बोलत. गल्लीतले लोक म्हणत, म्हाताऱ्याची नजर वाकडी झाली. शेवटची काही वर्षं त्यांना त्याच्या बायकोनंच सांभाळलं; पेपर वाचून दाखवायची, भाताचा घास ताटात कुठं आहे ते सांगायची, आणि चुकून पाणी सांडलं तर ते आपल्याच हातून सांडलं असं म्हणायची. वडील तिला फसवू बघायचे. "दिसतंय की, दिसतंय," म्हणत भिंतीला हात लावायचे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तेव्हाच त्याला सांगून ठेवलं होतं, हे घराण्यात उतरू शकतं, पन्नाशीनंतर तपासत चला. त्यानं तपासलं नव्हतं. संस्थेच्या गच्चीवरचं हवा मोजायचं यंत्र तो दर वर्षी पेटीत घालून, कापसात गुंडाळून तपासणीला परदेशी पाठवायचा, त्याच्या भिंगावर कुणाला बोट टेकवू द्यायचा नाही. स्वतःच्या दोन भिंगांचं मात्र, दिव्याखाली अंधार.

रस्त्यावर उन्हं छान पडली होती. पाव विकणाऱ्या दुकानासमोर रांग होती, एक बाई लहान मुलाला हाताला धरून ओढत होती आणि मूल खोकत होतं, पण मुलं खोकतातच. बसथांब्यावर मोठा उजळ जाहिरातीचा पडदा होता, पांढराशुभ्र, त्यावर कुठल्याशा साबणाचं नाव. त्यानं पटकन मान वळवली. ही गोष्ट आपण जाणूनबुजून केली हे दोन पावलं पुढं गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. कारण तसल्या पांढऱ्या पडद्यावरही डमरू दिसतो, आणि पडदा खोटं बोलत नाही. नोकरीच्या सुरुवातीला संस्थेतले सर त्याला पहिल्यांदा गच्चीवर घेऊन गेले तेव्हा त्यांनी उजेडाची ही गोष्ट शिकवली होती. साधा उजेड म्हणजे झोपेतून उठलेल्या माणसाचे केस, सर म्हणाले, सगळीकडं विस्कटलेले. स्वच्छ हवेतून आला की तो विंचरला जातो, एका बाजूला बसतो. सूर्याशी काटकोन करून बघा, तिथं सगळ्यात जास्त चापूनचोपून बसलेला. हवेत धूळ, धूर, कण आले की ते पुन्हा केस विस्कटतात. किती विस्कटलेत ते मोजा, आणि मग कण किती, केवढे, कसले, ते सांगा. तुमचा पगार त्याचा. पण त्याआधी, सर म्हणाले, हे बघा, आणि त्यांनी त्याची हनुवटी धरून मान कलंडवली. वर बघा. मधोमध. दिसतंय काही पिवळं? पहिले काही दिवस दिसलं नाही. मग एका सकाळी दिसलं, आणि एकदा दिसल्यावर जाईना. विंचरलेला उजेड ओळखायची थोडीशी जाण माणसाच्या डोळ्यातच असते, अगदी नजरेच्या मध्यावर, फक्त कुणी दाखवून द्यावी लागते. सर म्हणाले, निळ्या रंगावर जाऊ नका. आकाश निळंशार असतं आणि पोटात नको नको ते असतं. निळेपणा सगळ्यांना दिसतो, तुम्ही याला विचारा. घरी येऊन त्यानं हे नव्या नवरीला सांगितलं तेव्हा ती त्याच्या शेजारी मान कलंडवून उभी राहिली, तिला काही दिसलं नाही, आणि ती म्हणाली, "तुमच्या मानेला काही झालं नाही ना नक्की?" मग त्यानं कागदावर आकार काढून दाखवला. ती म्हणाली, हा तर डमरू.

हा डमरू दिसतो तो नजरेच्या बरोबर मध्यावर. वडिलांच्या अंगठ्याची जागा तीच. आजवर हे दोन धागे त्यानं कधी एकत्र बांधले नव्हते, किंवा बांधले असतील आणि गाठ दिसू नये म्हणून वर कापड टाकलं असेल.

संस्थेची इमारत जुनी, तीन मजली, वर गच्ची. गच्चीच्या एका कोपऱ्यात लोखंडी खांबावर ते यंत्र बसवलेलं, मनगटाएवढी नळी, तिच्यात एक काच गोल फिरते आणि फिरताना बारीक करकर करते, म्हणून सगळे त्याला चक्री म्हणत. चक्री आकाशातल्या एका ठिकाणाकडं बघते, काच फिरवते, उजेड कधी वाढतो कधी घटतो ते टिपते, मग पुढच्या ठिकाणाकडं वळते. वाढ-घट मोठी तर हवा स्वच्छ. त्यानं काच मऊ कापडानं पुसली, झाकण काढलं, चक्री चालू केली. करकर सुरू झाली. आकडे तारेतून खालच्या मजल्यावर जातात. रोज तो लगेच खाली उतरून पडद्यावर पहिली ओळ बघतो, मगच चहा. आज तो पाण्याच्या टाकीच्या सावलीत खुर्ची ओढून बसला. फोन त्यानं आल्या-आल्याच खाली आपल्या टेबलाच्या खणात पालथा टाकला होता. फोनचा पडदाही पांढरा होतो. त्यातला उजेडही विंचरलेला. पडद्याची काच बनवतातच तशी. पडद्यासमोर हवा चांगली की वाईट याचा काही संबंध नाही, तिथं डमरू दिसायलाच हवा. एक डोळा तळव्यानं झाकायचा, बघायचं, मग दुसरा. यंत्र नको, डॉक्टर नको. हातच्या काकणाला आरसा कशाला. एवढं सोपं होतं, म्हणूनच तो ते करत नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची. जोवर बघितलं नाही तोवर आपण अजून ज्याला दिसतं तो माणूस आहोत, असा काहीतरी हिशेब त्याच्या मनात चालू होता, आणि तो हिशेब कुणा दुसऱ्यानं मांडला असता तर त्यानं त्याला शेंबडं पोर म्हटलं असतं.

ऊन वर चढत होतं. बायको आता टेकडीच्या वरच्या वळणावर असेल, तिथं एक बाक आहे, तिथं ती बसते, पाण्याचा घोट घेते, आणि वरून आपली इमारत ओळखायचा प्रयत्न करते. तिच्याजवळ फवाऱ्याचं औषध असतं. असतंच. त्यानं स्वतःला हे दोनदा सांगितलं. आणि आकाश निळं होतं. डोळा गेला असेल तर हवा चांगली, म्हणजे ती सुखरूप. हा विचार आला आणि त्यानं त्याला धरून ठेवायचा प्रयत्न केला, पण तो विचार हातात राहिना. त्याच्या जागी दुसराच येऊन बसला. हवा वाईट असू दे. आधी तो नुसता विचार होता, मग त्याची इच्छा झाली, मग तर तो जवळजवळ मागणं मागत होता. अख्ख्या शहरावर घाण येऊ दे, कुठलं तरी जंगल पेटू दे, कुठला तरी कारखाना फुटू दे, सगळ्यांच्या नाकातोंडात जाऊ दे, पण हा अंगठा माझ्या डोळ्यावर नको. सगळ्यांच्या म्हणजे कुणाच्या, हे मनाला माहीत होतं. मन चिंती ते वैरी न चिंती. खाली रस्त्यावर गाड्या पळत होत्या, कुणीतरी खिडकीत चादर झटकत होतं, आणि तो गच्चीवर बसून या सगळ्यांचं वाईट चिंतत होता, तेही किती मनापासून. त्याला स्वतःची भीती वाटली. पण मागणं त्यानं मागं घेतलं नाही.

घशात काहीतरी खवखवत होतं. वास नव्हता, किंवा होता तर इतका बारीक की नाकाला तो आठवणीसारखा वाटावा: खूप पूर्वी विझलेल्या चुलीचा. खांबावर एक पक्षी बसला, चोच उघडी ठेवून. दूर, शहराच्या कडेला, जिथं एरवी डोंगराची रेघ स्पष्ट असते तिथं आज रेघ होती, पण कुणी खोडरबर फिरवून हलकी केल्यासारखी. तो त्या रेघेकडं बघत राहिला आणि मग त्याला वाटलं, ही डोंगराची रेघ पुसट झाली की माझ्या डोळ्यातली? आता प्रत्येक गोष्टीचं असंच होणार. वडिलांचंही असंच झालं असेल. पहिल्या दिवशी त्यांनीही कुठल्यातरी पाटीसमोर, ब्रश हातात धरून, रंगच खराब आलाय असं म्हटलं असेल. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. एका दुकानदारानं पाटी परत पाठवली तेव्हा घरात कळलं. तेव्हा तो बाहेरगावी शिकत होता, सुट्टीत आला तर वडील त्याच्या कानांशी बोलत होते, आणि त्याला राग आला होता, बाप इतक्या दिवसांनी आलेल्या मुलाकडं नीट बघतसुद्धा नाही म्हणून. तो राग त्याला आता गच्चीवर जसाच्या तसा आठवला. रागाला कुठलं वय नसतं.

जिन्याचं दार आपटलं. खालच्या मजल्यावरची गणित करणारी बाई वर आली होती. चक्रीच्या आकड्यांवरून मागं मागं जात हवेत कुठले कण आहेत ते काढणं हे तिचं काम, म्हणून संस्थेत तिला सगळे उलटतपासणी म्हणत, तिच्या तोंडावरही. तिला ते आवडायचं.

"अहो, चक्री नीट फिरतेय ना?"

"फिरतेय. का?"

"तुम्ही आकडे बघितले नाहीत?" ती त्याच्याकडं बघत राहिली. "रोज तर माझ्या आधी बघता. काटकोनात विंचरलेला उजेड तिसरा हिस्सासुद्धा येत नाहीये. एरवी पाऊण हिस्सा असतो. मी म्हटलं, भिंगावर कबूतर येऊन बसलं की काय."

तो उठून उभा राहिला. "काच मी पुसलीय सकाळी."

"मोटर?"

"आवाज ऐका की. नेहमीसारखाच आहे."

तिनं कान दिला. करकर चालू होती. त्यांच्या धंद्यातली रीतच अशी होती: वाईट आकडा आला की आधी यंत्रावर संशय घ्यायचा, मग तारेवर, मग गणितावर, मग स्वतःवर, आणि हे सगळे निर्दोष ठरले की सगळ्यात शेवटी हवेवर. "मग हवाच आहे," उलटतपासणी म्हणाली. "गणित मी पुन्हा पुन्हा करून बघितलं. कण फार बारीक आहेत, धुराचे. कुठंतरी लांब काहीतरी मोठं जळतंय, आणि ते वरच्या वर इथवर येऊन रात्रीतून खाली उतरलंय. इतके बारीक की आकाश निळंच दिसतं. बघा ना, किती छान दिसतंय."

तो हसला. आधी नुसता श्वास सुटल्यासारखा, मग आवाज करून. त्याला ते आवरेना.

"हसताय काय तुम्ही?"

"काही नाही. काही नाही हो."

"मी वर कळवते. आज कुणी बाहेर पडू नये, निदान दम्याच्या लोकांनी तरी." ती जाता जाता थांबली. "तुमच्या घरी—"

"हो, हो. तुम्ही कळवा."

हे शब्द त्यानं ऐकले. ऐकले नाहीत असं नाही. दम्याच्या लोकांनी, हे त्याच्या कानात शिरलं, आणि आत जाऊन एका बाजूला थांबलं, दारात कुणी आधीच उभं असल्यासारखं. तो जिने उतरला, दोन दोन पायऱ्या करत, आपल्या खोलीत आला, दार लोटलं, संगणकावर कोरं पान उघडलं. पांढरं. त्यानं उजवा डोळा तळव्यानं झाकला आणि मान कलंडवली. होता. फिकट, पण होता, पडद्याच्या पांढऱ्यावर पिवळसर, मध्ये चिमटलेला. त्यानं हात बदलला. डावा झाकला. इथंही होता. मान फिरवली तसा तोही फिरला. त्यानं पुन्हा उजवा झाकला, पुन्हा डावा, पुन्हा पुन्हा, लहान मूल जसं नव्या खेळण्याची कळ दाबत बसतं. डोळ्यांत पाणी आलं आणि डमरू त्यात विरघळला, तर त्याला त्याचंही हसू आलं. इतका आनंद त्याला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. डोळे शाबूत होते. सकाळी त्यांनी त्याला खरं तेच सांगितलं होतं, सर म्हणायचे तसं, निळ्या रंगाला न जुमानता. त्यानंच त्यांचं ऐकलं नव्हतं.

आणि मग ते बाजूला थांबलेलं पुढं आलं. त्यानं खण ओढला. फोन उलटा केला तर पडदा घराखालच्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंच्या नावानं भरलेला होता, एकाखाली एक. त्यानं फोन लावला. "अहो कुठं होता तुम्ही?" काकू म्हणाल्या. "दवाखान्यात या. चौकातल्या. घाबरू नका, शुद्धीवर आहे ती." घाबरू नका हे वाक्य लोक कशासाठी म्हणतात ते त्याला त्या क्षणी समजलं.

रस्ता तोच होता, ऊन तेच, आकाश आणखीच निळं. आता ते त्याला बघवेना. हे सगळे लोक तोंडं उघडी टाकून चालले होते, बोलत होते, हसत होते, आणि त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम त्याचं होतं. एका माणसाला तर त्यानं सांगितलंही होतं: जा, छान आहे. चालता चालता तो स्वतःशी वाक्यं जुळवत होता. मी नीट बघितलं नाही. मला वाटलं पुसट आहे. गडबडीत होतो. प्रत्येक वाक्य दोन पावलं टिकायचं आणि गळून पडायचं, कारण तो गडबडीत नव्हता, आणि त्यानं नीट बघितलं होतं, आयुष्यात कधी बघितलं नसेल इतकं नीट.

दवाखान्याच्या व्हरांड्यात खालच्या काकू पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. टेकडीवरून उतरणाऱ्या कुणीतरी तिला बाकावर पाहिलं, ओठ निळे पडलेले, हातात फवारा, पण दाबायची ताकद नाही. त्यांनीच आणलं, आणि तिच्या फोनमधून घरचा नंबर लागेना म्हणून काकूंना लावला. डॉक्टर बाहेर आले. "आता धोका नाही," ते म्हणाले, "पण दोन-तीन दिवस ठेवून घेऊ. छाती फार आवळली होती. आज सकाळपासून या चौथ्या आहेत. पण या इतक्या वर चढून कशाला गेल्या? त्रास तर खालीच सुरू झाला असणार." त्यानं मान हलवली. काय माहीत, अशा अर्थानं.

ती पलंगावर उशांना टेकून बसली होती, तोंडावर प्लॅस्टिकचा मुखवटा, त्यात पांढरी वाफ. त्याला बघून तिनं तो खाली ओढला.

"रागावू नका."

"बोलू नकोस तू. लाव ते."

"लावते." तिनं दोन श्वास घेतले, मोजून घेतल्यासारखे. "पहिल्या वळणावरच कळलं मला. छाती धरायला लागली. परत फिरणार होते."

"मग फिरली का नाहीस?"

"परत आले असते तर तुम्हाला कळलं असतं."

"काय कळलं असतं?"

"की तुम्हाला दिसत नाही ते." ती त्याच्याकडं बघत नव्हती, चादरीची सुरकुती सारखी करत होती. "आज किती वेळ मान हलवत होतात. मी बघत होते की आतून. एरवी एवढा वेळ लागतो का तुम्हाला? आणि मग म्हणालात, छान आहे. अंदाजानं म्हणालात ना? मामंजी असंच करायचे. दिसतंय की, दिसतंय." तिनं मुखवटा तोंडाला लावला, वाफ ओढली, पुन्हा खाली घेतला. "म्हटलं, आपण पूर्ण फिरून यावं आणि हसत यावं. म्हणजे तुम्हाला वाटेल, बरोबर सांगितलं आपण. एका दिवसानं काय बिघडतंय. पुढचं पुढं बघू, हळूहळू डॉक्टरकडं नेऊ. पण बाकाच्या पुढं नाही जाता आलं."

खोलीत यंत्राची घरघर चालू होती. तो पलंगाच्या पायथ्याशी उभा होता आणि त्याच्याजवळ तिला द्यायला जगातली सगळ्यात चांगली बातमी होती. माझे डोळे ठणठणीत आहेत, एवढंच म्हणायचं होतं. ती हरखली असती. एक क्षणभर. मग, जन्मभर वर्गात पोरांच्या थापा पकडलेली बाई ती, तिनं दुसरा प्रश्न विचारला असता: मग सकाळी डमरू दिसला होता का हो? दिसला होता म्हटलं तर आजच्या हवेत ते खोटं होतं, आणि संध्याकाळपर्यंत ते शहरातल्या पोराटोरांनाही कळलं असतं. नव्हता दिसला म्हटलं तर तिसरा प्रश्न आला असता. त्या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात ती टेकडीवर एकटी चालत होती आणि तो गच्चीवर खुर्ची टाकून बसला होता, हवा वाईट असू दे म्हणत. त्याला वाटलं, सांगावं. खरंच वाटलं. तोंडही उघडलं.

"खरं सांगा," ती म्हणाली. "मी काही रडणारबिडणार नाही. कुठला डोळा?"

"उजवा," तो म्हणाला. "थोडासाच."

तिनं डोळे मिटून घेतले. मिटलेल्या पापण्यांतून पाणी आलं, ते तिनं मनगटानं पुसलं. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "मामंजींचं सगळं केलंय मी, मला सगळं येतं. तुम्ही अजिबात घाबरायचं नाही. मी आहे ना." एवढं बोलण्यानं तिला धाप लागली. तिनं मुखवटा लावला, हातानंच थांबा म्हटलं, आणि सलाईनची नळी सांभाळत भिंतीकडं सरकून त्याला बसायला जागा करून दिली.